माळ्यावरच्या लग्नाच्या कॅसेटी आणि केबलवरची हरवलेली गाणी

नव्वदच्या दशकात केबलवर लागणाऱ्या, पिक्चरबाहेरच्या अल्बमच्या गाण्यांपैकी जी सगळ्यांना आठवतात, ती हरवलेली नाहीत. 1995 चं 'मेड इन इंडिया' किंवा 1998 चं 'तुनक तुनक तुन' आज कुठल्याही फोनवर लगेच सापडतं. हरवली ती त्यांच्या आजूबाजूला वाजणारी गाणी. तेव्हा एकेका अल्बममधल्या दोन-तीन गाण्यांचे व्हिडिओ व्हायचे. पहिलं गाजायचं, दुसरं दुपारच्या वेळात काही आठवडे दिसायचं आणि तिसरं रात्री उशिरा एक-दोनदा लागून गायब व्हायचं. सुनिता राव, श्वेता शेट्टी, अनाइडा, मेहनाझ, सागरिका ही नावं घेतली की लोकांना प्रत्येकीचं एकच गाणं सांगता येतं. बाकीच्या गाण्यांचं नावही येत नाही. शिवाय स्वतःच्या पैशांनी एकच अल्बम काढून थांबलेले गायक होते, ते वेगळेच.

अशी गाणी शोधायला मुंबईच्या कंपन्यांच्या कपाटांपेक्षा आपल्या विदर्भातले माळे जास्त कामाचे आहेत, असं माझं ठाम मत आहे. वरुड, आर्वी, पुसद, दारव्हा, चिखली, ब्रह्मपुरी अशा तालुक्याच्या गावांत आणि त्यांच्या आसपासच्या खेड्यांत घरोघरी व्हीएचएस, म्हणजे व्हीसीआरवर चालणाऱ्या व्हिडिओ कॅसेटी पडून आहेत. त्यांच्यावर केबलवरून उतरवलेली गाणी आहेत, पण लेबलवर तसं लिहिलेलं नसतं. म्हणून त्या 'लग्नाच्या कॅसेटी' म्हणून फेकल्या जातात.

गाणी सहसा तीन ठिकाणी सापडतात. पहिलं म्हणजे लग्नाच्या कॅसेटीचं शेपूट. ई-180 कॅसेट साध्या वेगात तीन तास चालते. लग्नाचा दुसरा भाग दोन-सव्वादोन तासांत संपला की उरलेल्या फितीवर घरातली पोरं केबलवरची गाणी भरायची. लेबलवर 'लग्न भाग 2' असतं आणि कधीकधी बाजूला बॉलपेनने बारीक अक्षरात 'गाणे' लिहिलेलं असतं. दुसरं ठिकाण व्हिडिओ शूटिंगवाल्यांचं. लग्नाच्या फिल्मला मागे लावायला, टायटलसाठी इफेक्ट बघायला ते म्युझिक व्हिडिओ उतरवून ठेवत. तिसरं आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे केबलवाल्याच्या फिलर कॅसेटी. प्रत्येक केबलवाल्याचा स्वतःचा एक व्हीसीआर चॅनल असायचा. संध्याकाळी आणि रात्री त्यावर पिक्चर लागायचा, आणि दोन पिक्चरच्या मध्ये तीन-तीन तासांची गाण्यांची कॅसेट फिरत राहायची. ती गाणी त्याने सॅटेलाइटवरून थेट उतरवलेली असत. त्यामुळे फिलर कॅसेटचं चित्र घरी उतरवलेल्या गाण्यापेक्षा एक पायरी स्वच्छ असतं, मात्र फीत जास्त झिजलेली असते.

ग्रामीण भागातल्या केबल डिजिटायझेशनची मुदत मार्च 2017 अखेर संपली. त्यानंतर जुन्या हेडएंडचे (केबलवाल्याच्या कंट्रोल रूमचे) मॉड्युलेटर, रिसीव्हर आणि डिश अँटेनाच्या छत्र्या भंगारात गेल्या. कॅसेटींना भंगारातही भाव नव्हता, म्हणून बऱ्याच ठिकाणी त्या तशाच राहिल्या. केबलवाल्याकडे चौकशी करताना 'जुनी गाणी आहेत का' असं विचारलं तर तो हिंदी पिक्चरची गाणी समजतो आणि नाही म्हणतो. 'पिक्चरच्या मधी जी कॅसेट लावत होते, ती आहे का भाऊ' असं विचारलं की त्याला बरोबर कळतं.

कॅसेट कोणत्या सालची, हे कसं ओळखायचं

आधी कोपऱ्यातला लोगो बघा. एमटीव्ही 1991 च्या सप्टेंबरमध्ये स्टारच्या चॅनलांच्या गठ्ठ्यातून एशियासॅट-1 या सॅटेलाइटवर आलं आणि 1994 च्या मध्याला त्या गठ्ठ्यातून बाहेर पडलं. त्याच्या जागी स्टारने चॅनल व्ही आणलं. एमटीव्हीचा भारतासाठीचा वेगळा चॅनल 1996 मध्ये सुरू झाला. त्यामुळे लोगो एमटीव्हीचा आणि बोलणारे निवेदक हाँगकाँगचे इंग्रजी बोलणारे असतील, तर ते रेकॉर्डिंग बहुतेक 1991 ते 94 मधलं. लोगो तोच पण निवेदक हिंदी-इंग्रजी मिसळून बोलत असेल, तर 1996 नंतरचं. झी टीव्ही 2 ऑक्टोबर 1992 ला सुरू झालं, म्हणजे झीच्या काउंटडाउनमधलं गाणं त्याच्या आधीचं असूच शकत नाही. झीचा म्युझिक एशिया 1997 चा. अल्फा मराठी 15 ऑगस्ट 1999 ला आलं. मराठी अल्बमच्या गाण्यावर अल्फाचा लोगो असला, तर निदान प्रसारणाची खालची हद्द पक्की होते.

लोगोपेक्षाही जाहिराती जास्त नेमकं सांगतात, म्हणून गाणं कापून घेऊन बाकीची फीत सोडून द्यायची नाही, हा या कामातला पहिला नियम. गाण्याच्या खालून सरकणारी केबलवाल्याची पट्टी बघा: कपड्याच्या दुकानाचा दिवाळी सेल, बियाण्याची जाहिरात, नव्या टॉकीजच्या पिक्चरचं नाव. बीटी कपाशीला आपल्याकडे 2002 मध्ये परवानगी मिळाली. पट्टीत बीटी बियाणं दिसलं, तर ते रेकॉर्डिंग नव्वदच्या दशकातलं नाही. पट्टीत टॉकीजला लागलेल्या पिक्चरचं नाव असेल, तर साल सापडतं. मात्र आपल्या गावांत पिक्चर मुंबई-नागपूरनंतर बऱ्याच आठवड्यांनी पोचायचा, एवढी सूट धरावी लागते.

एक खूण फार कमी लोकांना माहीत असते. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर सॅटेलाइटच्या मागे येतो आणि सिग्नल बुडतो. आपल्या अक्षांशावर हे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात होतं. एशियासॅट-1 हा 105.5 अंश पूर्वेला होता. नागपूर-यवतमाळकडून त्याच्याकडे बघायचं तर छत्रीचं तोंड आग्नेयेला आणि जमिनीपासून सुमारे 50 अंश वर. त्या जागी सूर्य सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास येतो. चांगलं चाललेलं गाणं हळूहळू ठिपक्यांनी भरत गेलं, काही मिनिटं पूर्ण बुडालं आणि तसंच हळूहळू परत स्वच्छ झालं, तर महिना आणि वेळ दोन्ही हाती लागतात. वीज गेली किंवा केबल तुटली तर चित्र एकदम जातं, असं हळूहळू बुडत नाही.

मुंग्या वाचायच्या कशा

जुनं रेकॉर्डिंग बघून 'क्वालिटी खराब आहे' एवढंच म्हणून थांबू नये. कोणती खराबी कुठून आली हे कळलं की काय दुरुस्त होईल आणि कशाच्या मागे लागू नये, हेही कळतं. सिग्नल चार टप्प्यांतून आलेला असतो: आकाशातून छत्रीत, छत्रीतून हेडएंडमध्ये, तिथून खांबाखांबावरून घरात आणि घरातून फितीवर. प्रत्येक टप्प्याची खूण वेगळी असते.

चित्रावर शेपटी असलेले छोटे पांढरे-काळे फटकारे उडताना दिसतात, विशेषतः भडक लाल-निळ्या रंगावर, तेव्हा गडबड छत्रीपाशी होती. त्या काळी सॅटेलाइटचा सिग्नल एफएम होता. तो ठरावीक पातळीच्या खाली गेला की असे फटकारे येतात. कारण बहुतेक वेळा छत्री हललेली. बारा किंवा सोळा फुटांची जाळीची छत्री मे-जूनच्या वावधनात अर्धा-एक अंश जरी सरकली तरी पुरे. पावसाने सी-बँडला (त्या काळच्या सॅटेलाइट लहरींच्या पट्ट्याला) फारसं काही होत नाही, त्यामुळे 'पाऊस होता म्हणून असं दिसतंय' हा तर्क सहसा चुकतो.

सगळ्या चित्रावर एकसारख्या बारीक मुंग्या आणि रंग मधूनमधून उडून चित्र कृष्णधवल होत असेल, तर ते घर केबलच्या शेवटच्या टोकाला होतं. मुख्य तारेवर दर थोड्या अंतराने अँप्लिफायर बसवावा लागतो, आणि प्रत्येक अँप्लिफायर सिग्नलबरोबर मुंग्याही वाढवतो. गावठाणाच्या बाहेरच्या वस्तीतली रेकॉर्डिंग अशीच असतात.

माणसाच्या उजवीकडे फिकट सावली दिसते, ती तारेच्या उघड्या टोकाची. न वापरलेल्या टॅपवर (तारेच्या फाट्याच्या डबीवर) 75 ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारं बूच, लावला नाही की सिग्नल टोकाला आपटून परत येतो आणि उशिरा पोचतो, म्हणून सावली उजवीकडे पडते. सावली डावीकडे असेल, तर प्रकरण उलटं आहे. दूरदर्शनच्या मनोऱ्याचा सिग्नल हवेतून थेट टीव्हीच्या तारेत शिरला आणि तोच कार्यक्रम केबलने मागाहून आला. डावी सावली दिसली की दोन गोष्टी कळतात: केबलवाल्याने दूरदर्शन त्याच्या मूळ नंबरवरच ठेवलं होतं आणि मनोरा जवळ होता. कोणत्या गावचं रेकॉर्डिंग आहे हे ठरवायला याचा खरोखर उपयोग होतो.

चित्रावरून एक किंवा दोन रुंद, गडद आडवे पट्टे सावकाश वर सरकत असतील, तर तो विजेचा हम. असा पट्टा रेकॉर्डिंगमध्येच असू शकतो किंवा तुम्ही आत्ता जोडलेल्या तारांतून येत असेल. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. पट्टा गेला तर दोष तुमच्या जोडणीत आहे. व्हीसीआर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

फितीचे स्वतःचे दोष वेगळे. क्षणभर चमकणारी, धारदार कडांची पांढरी आडवी रेघ म्हणजे फितीवरचा लेप त्या जागी उडालाय. चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकत असेल, तर उन्हाने फितीची लांबी किंचित बदललीय. खात्री करायला साधी चाचणी आहे. तोच तुकडा मागे नेऊन पुन्हा बघा. खराबी हुबेहूब त्याच जागी त्याच क्षणी आली, तर ती फितीवर कायमची आहे. जागा बदलली, तर व्हीसीआरचं हेड (फीत वाचणारा भाग) घाण आहे किंवा ट्रॅकिंग जुळलेलं नाही. ते आजही सुधारता येतं.

दोन रेकॉर्डिंगच्या सांध्याकडे विशेष लक्ष द्या. घरगुती व्हीसीआरमधलं पुसणारं हेड फिरत्या ड्रमच्या (वाचणारी हेड बसवलेल्या गोल भागाच्या) काही सेंटिमीटर आधी असतं. त्यामुळे नवीन रेकॉर्डिंग सुरू होताना काही सेकंद जुनं चित्र पूर्ण पुसलेलं नसतं. इंद्रधनुष्यी पट्ट्यांच्या मागे आधीच्या गाण्याचा लोगो किंवा शेवटची नावं तिथे दिसू शकतात. ती फ्रेम थांबवून टिपून ठेवा. आधी काय होतं याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

कॅसेट व्हीसीआरमध्ये घालण्याआधी

आपल्या हवेत फितीचे दोन शत्रू आहेत. एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि टिनाच्या छताखालचा माळा त्याहून तापतो. फीत आकसते, गुंडाळी सैल पडते, कडा लाटांसारख्या होतात. मग जुलै ते सप्टेंबर ओल येते आणि बुरशी धरते. म्हणून हे काम दसऱ्यानंतर सुरू करून फेब्रुवारीपर्यंत उरकावं. हवा कोरडी असते आणि मशीनही तापत नाही.

कॅसेट हातात घेतली की खिडकीतून आतल्या गुंडाळीकडे टॉर्च मारून तिरक्या नजरेने बघा. गुंडाळीचा माथा काळा, एकसंध, गुळगुळीत दिसला पाहिजे. त्यावर पांढरे धागे, कापसासारखे ठिपके किंवा राखाडी पसर दिसला तर ती बुरशी. ती कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये एकदाही घालू नका. कण हेडवर बसतात, आणि पुढे जी कॅसेट घालाल तिलाही लागतात. कॅसेटच्या खालच्या भोकांत कुंभारीण माशीची मातीची घरं असतात, तीही बघा. तो खडा फिरकीत अडकला की फीत तुटते. जिनिंगच्या गावांत झाकणाखाली कापसाचे तंतू साठलेले असतात, ते मऊ ब्रशने काढा. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते.

बुरशीची कॅसेट आधी वाळवायची. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात आठ-दहा कॅसेटी उभ्या ठेवा, तळाशी कापडी पिशवीत पाव किलो सिलिका जेल ठेवा, आणि दहा-पंधरा दिवस उघडू नका. जेलचा रंग बदलला की दाणे काढून कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात. ती कढई नंतर स्वयंपाकाला वापरू नका. कॅसेट मात्र कधीही उन्हात ठेवायची नाही. पापडासारखं वाळवण इथे चालत नाही. वाळल्यावर बुरशीची पूड होते, तेव्हा ती पुसली जाते. हे काम अंगणात, नाकाला एन-95 मास्क लावून करावं. जुना, फक्त फिरवायच्या कामाचा रिवाइंडर घ्या, कॅसेटचं पुढचं झाकण उघडं राहील असं करा, फितीच्या दोन्ही अंगांना धागे न सुटणारं मायक्रोफायबर कापड अगदी हलकं टेकवा आणि फीत टोकापासून टोकापर्यंत फिरवा. कापडाची जागा सतत बदला. हट्टी डाग असेल तर 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला ओलसर करण्याइतकंच लावा. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पेट्रोल-रॉकेल तर मुळीच नको.

कॅसेटचा डबा फुटला असेल तर फीत दुसऱ्या डब्यात हलवता येते. खालच्या बाजूला पाच स्क्रू असतात. ते काढल्यावर दोन्ही भाग हाताने धरून कॅसेट सुलटी करा आणि वरचं झाकण सरळ वर उचला. लगेच फोटो काढा. डावीकडची गुंडाळी, कोपऱ्यातली गुळगुळीत खुंटी, रोलर, समोरचा भाग, मग उजवीकडची गुंडाळी असा फितीचा मार्ग असतो, आणि मधे गुंडाळी अडवणारे दोन छोटे स्प्रिंगवाले दात असतात. ते उडाले की शोधत बसावं लागतं.

फीत तुटली असेल तर चुरगळलेला भाग कात्रीने सरळ कापा, दोन टोकं एकमेकांवर न चढवता नुसती भिडवा आणि स्प्लायसिंग टेपने कॅसेटच्या आतल्या बाजूला येणाऱ्या पाठीवर जोडा. बाहेरची बाजू लेपाची असते, ती हेडला घासते. साधी सेलोटेप वापरली तर उन्हाळ्यात तिचा गोंद पाझरतो आणि ड्रमवर जाऊन बसतो. मग एका सांध्यापायी अख्खं हेड जातं.

व्हीसीआर

जगातल्या शेवटच्या उत्पादक कंपनीने, जपानच्या फुनाईने, 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं बंद केलं. आता जे आहे ते जुनंच, म्हणून दोन मशीन घ्या: एक चालू आणि एक सुट्या भागांसाठी. नागपुरात सीताबर्डीला जुने मेकॅनिक अजून भेटतात. मशीन घेताना स्वतःची टाकाऊ कॅसेट नेऊन तीन गोष्टी तपासा: कॅसेट आत-बाहेर नीट होते का, रिवाइंड शेवटपर्यंत ओढतो का, आणि दहा मिनिटं चालल्यावर आवाज लहरतो का. रिवाइंड अडखळलं तर आयडलरचं (गुंडाळी फिरवणाऱ्या चाकाचं) रबर गुळगुळीत झालंय किंवा बेल्ट सैल आहे. आवाज लहरला तर पिंच रोलर (फीत पुढे ओढणारा रबरी रोलर) कडक झालाय, आणि फीत खाणारं मशीन हेच असतं.

हेड साफ करायला जाड कोऱ्या कागदाची किंवा शामोई चामड्याची पट्टी अल्कोहोलने ओली करून ड्रमला हलकी टेकवा आणि ड्रम वरून बोटाने सावकाश फिरवा. पट्टी स्थिर, ड्रम फिरता. पट्टी वर-खाली घासली की हेडचं टोक तुटतं, आणि ते जोडता येत नाही. कापसाचा बोळा वापरू नका, धागा अडकतो. त्यानंतर कॅसेट घालण्याआधी दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या.

झाकण उघडं ठेवून मशीन चालवताना अंगणात बसू नका. फितीचं टोक ओळखायला मधे एक दिवा आणि दोन्ही बाजूंना प्रकाश ओळखणारे सेन्सर असतात. टोकाची पारदर्शक पट्टी आली की प्रकाश आरपार जातो आणि मशीन थांबतं. उन्हाचा कवडसा त्या सेन्सरवर पडला तर मशीनला फीत संपल्यासारखी वाटते आणि ते प्लेच होत नाही. कितीतरी चांगली मशीन एवढ्यासाठी खराब ठरवली गेली आहेत.

रब्बीत शेतीपंप सुरू झाले की खेड्यात व्होल्टेज पडतं, त्यामुळे स्टॅबिलायझर हवाच. फीत ड्रमवर ओढलेली असताना वीज गेली तर ती तशीच अडकते. कॅसेट ओढून काढू नका, वीज येईपर्यंत थांबा. कॉम्प्युटरचा साधा 600 व्हीएचा यूपीएस असला तर प्रश्नच येत नाही, व्हीसीआर फार वीज खात नाही. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र चित्रात बारीक आडव्या रेषा येऊ शकतात, म्हणून त्यावर कॅप्चर करू नये.

कॅप्चर

प्ले करण्याआधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा, म्हणजे सैल गुंडाळी घट्ट होते. मशीनच्या मागच्या पिवळ्या-पांढऱ्या एव्ही पिनमधूनच सिग्नल घ्या, अँटेनाच्या तारेतून नको. स्वस्त यूएसबी कॅप्चर पट्टी (चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारी) चालते, पण जुनी फीत हलली की ती फ्रेम टाकून देते, आणि तासाभराने ओठ आणि आवाज जुळत नाहीत. त्याला उपाय म्हणजे मधे जुना डीव्हीडी रेकॉर्डर घालणं. पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस10 यासाठी प्रसिद्ध आहे. त्यात रेकॉर्ड काही करायचं नाही, फक्त व्हीसीआर त्याच्या इनपुटला आणि पट्टी त्याच्या आउटपुटला जोडायची. वाकणारं चित्र तो सरळ करून देतो.

व्हर्च्युअलडब या कॉम्प्युटर प्रोग्राममध्ये 720 बाय 576, 25 फ्रेम, ध्वनी 48 किलोहर्ट्झ ठेवा आणि हफवाययूव्ही हा चित्र न बिघडवता साठवणारा कोडेक निवडा. तासाला साधारण 30 ते 35 जीबी जागा लागते, म्हणजे पूर्ण कॅसेटला 90 ते 105 जीबी मोकळी हवी. ही मूळ फाइल जपायची. बघण्यासाठीची प्रत एफएफएमपेग या प्रोग्रामने काढा: बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरने इंटरलेस (एक फ्रेम दोन अर्ध्या भागांत येणं) काढून 50 फ्रेम, एक्स264 कोडेक, सीआरएफ (क्वालिटीचा आकडा) 17 किंवा 18. नाचातल्या हालचाली पुढे-मागे थरथरल्या तर फील्डचा, म्हणजे त्या अर्ध्या भागांचा, क्रम उलटा पडलाय, तो बदला. चित्र 4:3 च ठेवा. रुंद टीव्ही भरायला ताणलं की नाचणारी माणसं बुटकी आणि जाड दिसतात. मुंग्या काढणारे फिल्टर मूळ फाइलला लावूच नका. ते लोगोच्या कडा आणि तळाची बारीक अक्षरं आधी खातात, आणि गाण्याची ओळख पटवायला आपल्याला नेमकी तीच लागतात.

आवाज सहसा मोनो असतो आणि कधी एकाच बाजूने येतो. तो दोन्ही बाजूंना कॉपी करा. गाणं दुप्पट वेगात, बारीक आवाजात वाजलं तर रेकॉर्डिंग एलपी (अर्ध्या) वेगातलं आहे. एलपी असलेलं मशीन लागेल.

गाण्याचं नाव शोधताना

व्हिडिओच्या पहिल्या आणि शेवटच्या काही सेकंदांत खाली डावीकडे गाणं, गायक, अल्बम आणि कंपनी अशी चार ओळींची पट्टी येते. घरी रेकॉर्ड करणाऱ्याने गाणं ओळखून बटण दाबेपर्यंत पहिली पट्टी निघून गेलेली असते, म्हणून आधी शेवट बघा. अक्षरं पुसट असतील तर फक्त कंपनीचं चिन्ह ओळखलं तरी शोध आवाक्यात येतो. मॅग्नासाउंड, बीएमजी क्रेसेंडो, प्लस म्युझिक, टिप्स, व्हीनस अशी मोजकीच नावं होती. मग त्या कंपनीच्या ऑडिओ कॅसेटींची इनले कार्डं (डबीतले छापील कागद) बघत जायचं. डिस्कॉग्ज या वेबसाइटवर बरीच आहेत, आणि आठवडी बाजारात जुन्या ऑडिओ कॅसेटी अजून सापडतात. गाणं ओळखणारी अॅप इथे फारशी कामाची नाहीत, कारण मूळ ध्वनिमुद्रणच त्यांच्या साठ्यात नसतं. ध्रुवपदापेक्षा कडव्यातली एखादी वेगळी ओळ शोधा. ध्रुवपदातले 'दिल' आणि 'प्यार' हजार गाण्यांत आहेत.

लोकांच्या आठवणी गोळा करताना सावध राहावं. 2002-03 मधल्या रिमिक्सच्या लाटेतली गाणी बहुतेकांच्या डोक्यात 1995 ला जाऊन बसलेली असतात. चॅनलच्या स्वतःच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रविचित्र जाहिरातीही 'एक गाणं होतं' म्हणून सांगितल्या जातात. सांगणाऱ्याला गाण्याबद्दल न विचारता तेव्हा घरात कोणता टीव्ही होता, तो बारा बटणांचा होता की रिमोटचा, दहावीची परीक्षा झाली होती का, हे विचारा. साल त्यातून निघतं.

मिळालेली गाणी इंटरनेटवर चढवायची की नाही, हा वेगळा मुद्दा. हक्क कंपनीकडेच असतात, आणि आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रण आणि चित्रफीत दोन्हींसाठी मुदत 60 वर्षांची आहे. कंपनीने हरकत घेतली तर व्हिडिओ उतरवला जाईल. पण हरकत आली म्हणजे त्या गाण्याचा धनी कोण हे कळलं, आणि बऱ्याच विसरलेल्या गाण्यांच्या बाबतीत तीच पहिली पक्की माहिती असते. लग्नाचा भाग मात्र घरच्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचा नाही. गाण्याचा तुकडा वेगळा करून घ्या आणि पूर्ण कॅसेटची प्रत, लग्नासकट, पेनड्राइव्हवर त्या घरी द्या. घरचे लोक ते लग्न बघतात, शेजारी सांगतात, आणि पुढच्या गल्लीतल्या कॅसेटी आपोआप बाहेर निघतात.

फाइलच्या नावात आधी गाव, मग कॅसेटवरचं लेबल जसंच्या तसं, मग गाणं फितीवर किती मिनिटांनी सुरू होतं ती वेळ लिहा. गाण्याचं नाव शेवटी, आणि ते पक्कं नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह. लेबलवरचं अशुद्धलेखन सुधारू नका. एकाच हाताने लिहिलेल्या चार कॅसेटी वेगवेगळ्या घरांतून आल्या, तर त्या एकाच शूटिंगवाल्याच्या होत्या हे त्या अक्षरावरूनच कळतं, आणि मग त्याच्याकडे उरलेल्या कॅसेटी शोधायला जाता येतं.